चढलो, पाहिलं, कापलं नाही

एप्रिल सरत आला की शहरांतल्या रस्त्यांवर पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. एक ट्रक, दोन दोर, तीन-चार कोयते, एखादी यंत्रकरवत आणि बुंध्याला पाय देत सरसर वर जाणारा एक माणूस. खाली उभ्या असलेल्यांपैकी एकाला तो खुनी वाटतो, दुसऱ्याला तारांतला अडसर दूर करणारा देवदूत. त्याला स्वतःला काय वाटतं, हे विचारण्याची पद्धत नाही. पुढचा संवाद या माणसाविषयी आहे. जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य व्हावा इतक्या ताकदीनं, आणि मगच उत्तराला हात घालायचा अशी रीत होती. इथे पूर्वपक्ष वृक्षप्रेमीचा आणि उत्तरपक्ष लेखकाचा आहे. वृक्षप्रेमी कल्पित आहे, त्याचे आक्षेप मात्र कुठल्याही शहरातल्या झाडांच्या भांडणात ऐकू येतील असे आहेत.

वृक्षप्रेमी : झाड कापणाऱ्याची बाजू घेऊन लिहायचं तुमच्या मनात आलं, याचंच मला नवल वाटतं. आपल्या पूर्वजांनी एका म्हणीत सगळं सांगून ठेवलंय : कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ४ ऑक्टोबर २०१९ आठवा. उच्च न्यायालयानं वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मुंबईतल्या आरेमध्ये करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयानं थांबायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. ती कोणी मंत्र्यानं नाही पाडली, अधिकाऱ्यानं नाही पाडली. ती पाडणारे हात याच तुमच्या माणसाचे होते. हाताला काम मिळालं म्हणून तो काहीही कापतो. अशा धंद्याला मान कसला द्यायचा? तो जितका कमी होईल तितकं बरं.

लेखक : म्हण तुम्ही बरोबर सांगितलीत, पण तिच्यातला दोष कोणाकडे जातो ते पाहा. दांड्याकडे. पातं घडवणारा लोहार सुटतो आणि कुऱ्हाड चालवायला सांगणारा तर म्हणीत येतच नाही. आरेचा निर्णय मेट्रोच्या कारशेडच्या आराखड्यात झाला, करवत त्या निर्णयाची शेवटची ओळ होती. त्या रात्री कापणारे सगळे घरी बसले असते तर दुसरे आणले गेले असते. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. झाड राहावं की जावं हा प्रश्न राजकारणाचा आणि नियोजनाचा आहे, आणि तो तिथेच लढला पाहिजे. पण जी झाडं राहणार आहेत, ती किती वर्षं राहणार हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर चढणाऱ्या माणसाच्या हातावर ठरतं. त्या हाताला आपण कसब मानलेलं नाही, हमाली मानलं आहे, आणि त्याची किंमत झाडंच मोजतात. कापण्याकडे विवेकाचं काम म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नव्हती असंही नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कुठून घ्यायचं याची शिस्त घालून दिली आहे. सागासारखी झाडं राज्यातल्या अरण्यातून परवानगीनं तोडावीत. आंबे-फणसही जहाजाच्या उपयोगाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होणारी झाडं नव्हेत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते घ्यावं. कोणतं झाड, कोणत्या वयाचं, कोणाच्या संमतीनं, किती मोलानं, असे चार प्रश्न तिथे कुऱ्हाडीच्या आधी उभे केले आहेत. कुऱ्हाडच नको असं अमात्य म्हणत नाहीत, आणि ती मोकाटही सोडत नाहीत.

वृक्षप्रेमी : अमात्यांचा दाखला आरमाराला ठीक. रस्त्यावरच्या झाडाला कसबाची गरज काय, हे मला समजत नाही. भीमाशंकरच्या रानात जाऊन कोणी छाटणी करतं का? तिथली झाडं शेकडो वर्षं उभी आहेत. देवराईत तर वाळलेली काडीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो आणि तिथेच सर्वांत थोर वृक्ष सापडतात. निसर्गाला तुमच्या करवतीची शिकवणी नको. झाडासाठी सर्वांत चांगला कापणारा कोण? जो कामावर येतच नाही तो.

लेखक : रानातल्या झाडाची फांदी मोडते तेव्हा खाली बस उभी नसते, हा पहिला फरक. दुसरा मोठा आहे. रानात झाड दाटीत वाढतं. खालच्या फांद्या सावलीनं आपसूक वाळून गळतात, मुळं चहूकडे पसरतात, वारा सगळ्यांनी मिळून झेलायचा असतो. शहरातलं झाड एकटं वाढतं, चारी बाजूंनी ऊन मिळतं म्हणून खालपासून जाड फांद्या फोडतं, आणि त्याच वेळी बुंध्यापर्यंत काँक्रीट, शेजारी गटार, वर तारा, खाली केबलसाठी दरसाल नवा चर. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरात असतात, आणि चर नेमका त्याच थरातून जातो. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाला दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगावं लागलं, यावरून अवस्था कळते. मुंबईच्या वृक्षगणनेत २०१८ साली सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा त्यांतली दोन हजारांहून अधिक उन्मळली किंवा मोडली. वाऱ्याला दोष देता येईल, पण ज्याची मुळं एका बाजूनं तोडलेली आणि डोकं तारांसाठी दुसऱ्या बाजूनं छाटलेलं, ते झाड वाऱ्याच्या आधीच तोल गमावून बसलेलं असतं. देवराईचा नियम देवराईसाठी शहाणपणाचा आहे. रस्त्यावरच्या झाडाला माणसानंच अपंग केलं आहे, तेव्हा त्याची शुश्रूषाही माणसालाच करावी लागेल.

आता कसबाचं सांगतो. जखम भरून यावी तसं झाड बरं होतं, असं लोक शतकानुशतकं मानत आले. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी यंत्रकरवत घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि आत काय घडतं ते पाहिलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा : झाड जखम भरून काढत नाही, ते तिला कोंडून टाकतं. सडलेल्या भागाभोवती ते रसायनांच्या आणि नव्या लाकडाच्या भिंती उभारतं, आणि वाढ पुढे चालू ठेवतं. या भिंतींपैकी फार महत्त्वाची एक फांदीच्या बुडाशी, जिथे फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यात असते. फांदी त्या कड्याबाहेर कापली तर झाड जखम बंद करतं. खोडाला सपाट लावून कापली तर ते कडंच उडतं आणि बुरशीला खोडाचा दरवाजा उघडतो. खूप बाहेर कापली तर खुंट उरतो, तो वाळतो, कुजतो आणि त्याची ढोली होते. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासल्यानं सड थांबत नाही, हेही त्यांनी दाखवलं. झाड कसं जगतं हे ज्ञान आपल्याला करवतीच्या पात्यातून मिळालं आहे, ही गोष्ट करवतीचा तिरस्कार करताना आपण विसरतो. शिकलेला कामगार जड फांदी तीन कापांत उतरवतो. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे वजन सुटताना साल खोडापर्यंत सोलवटत जात नाही. मग तिसरा काप कड्याशी. न शिकलेला वरून एकच घाव घालतो, फांदी लोंबते आणि जाताना हातभर साल घेऊन जाते. एका वर्षात चतुर्थांशाहून अधिक पालवी काढू नये, असा जाणकारांचा दंडक आहे. आपल्याकडे शेंडा उडवून खांब उरवतात आणि त्याला छाटणी म्हणतात. त्या खांबावर महिन्याभरात धुमाऱ्यांचा झुपका फुटतो, लोकांना वाटतं झाड सावरलं. ते धुमारे मूळच्या फांदीसारखे खोडात रुजलेले नसतात, सालीलगत चिकटलेले असतात, आणि तीन-चार वर्षांत जड झाले की पहिल्या जोरदार पावसात तेच कोसळतात. सुरक्षिततेसाठी केलेली अडाणी छाटणी अशी धोका पेरत जाते.

वृक्षप्रेमी : हे शास्त्र मी नाकारत नाही. पण तुमच्या बोलण्यात दोन फटी आहेत. पहिली : करवत चालवणं जितकं सोपं आणि सफाईदार कराल, तितकी ती जास्त चालेल. आज कापताना गोंधळ होतो, साल सोलवटते, लोक ओरडतात, म्हणून तरी थोडा वचक आहे. दुसरी फट मोठी : ज्ञान असून उपयोग काय? तो रोजंदारीवरचा माणूस. ठेकेदार म्हणतो ट्रक भर, तर ट्रक भरायचा. ‘साहेब, हे कडं राखलं पाहिजे’ असं तो कोणाला सांगणार? उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. कसबानं त्याचं पोट भरेल, अधिकार कुठून येणार?

लेखक : पहिल्या फटीचं उत्तर सोपं आहे. शल्यचिकित्सा सुधारली म्हणून लोकांचे पाय जास्त कापले जाऊ लागले नाहीत, उलट पूर्वी कापावे लागणारे पाय वाचू लागले. ज्याला फांदी वाचवता येते तोच ती वाचवण्याचा पर्याय सुचवू शकतो : भार हलका करणं, दोराचा किंवा तारेचा आधार देणं, बेचक्यातली भेग वेळीच ओळखणं. ज्याला फक्त तोडणं येतं त्याच्याजवळ एकच उत्तर असतं. दुसरी फट मात्र खरी आहे आणि ती मी मोकळेपणानं मान्य करतो. अधिकारावाचून कसब लंगडं आहे. जिथे कापलेलं लाकूड ठेकेदाराच्या वखारीला किंवा बॉयलरच्या भट्टीला जातं, तिथे जास्त कापण्यातच त्याचा फायदा असतो, आणि त्या हिशेबात कामगाराचं ज्ञान ही अडचण ठरते. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? कामगाराला अडाणी ठेवायचं, की हिशेब बदलायचा?

हिशेब बदलण्याचे प्रयत्न इथल्याच मातीत झाले आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५–४६ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासोबत उठाव केला, तेव्हा वेठबिगारीबरोबरच गवतकापणीचा आणि जंगलतोडीचा दर हा त्यांच्या लढ्याचा मुद्दा होता. झाड तोडणाऱ्यानं आपल्या श्रमाचा भाव सांगायला सुरुवात केली, ही त्यातली मोठी घटना. १९४७ पासून मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, ठेकेदाराला न देता तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे काही ठिकाणी ठेकेदार मागच्या दारानं परत आले हे खरं, पण दिशा चुकीची नव्हती. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे बांबू तोडणारा माणूस ग्रामसभेत बसून किती तोडायचा आणि किती राखायचा हेही ठरवतो. तोडणं आणि राखणं ही दोन कामं एकाच माणसाच्या हाती दिली की तो विचार करून तोडतो, असं हे उदाहरण सांगतं. उलटं उदाहरणही आपल्याच शेजारी आहे. खैराचा कात काढणारे म्हणून ज्यांना कातकरी नाव पडलं, त्यांचा जंगलावरचा हक्क ब्रिटिश वनकायद्यांनी काढून घेतला आणि त्यांच्या वाट्याला कोळसाभट्टीवरची उचल घेतलेली मजुरी आली. झाडाची जाण असलेली अख्खी जमात अशी नुसत्या अंगमेहनतीत ढकलली गेली. त्यानं जंगल वाचलं, असं तुम्ही म्हणू शकाल का?

आणखी एक गोष्ट. झाडं कापण्याचं हे काम किती जीवघेणं आहे याचा अंदाज आपल्याला नसतो. अमेरिकेत २०२२ साली लाकूडतोडीच्या व्यवसायात दर लाख कामगारांमागे सुमारे १०० जण कामावर मरण पावले. सगळ्या व्यवसायांची सरासरी ३.७ होती. आणि हे मृत्यू शिरस्त्राण, कमरपट्टा, जाड विजार असं सगळं वापरणाऱ्या देशातले. आपला माणूस अनवाणी, कमरेला सुताचा दोर आणि त्यात खोचलेला कोयता घेऊन चढतो. वायरिंग करणाऱ्याला आपण आयटीआयचा कागद विचारतो, झाडावर चढणाऱ्याला फक्त रोज किती घेणार ते विचारतो. नारळाच्या बाबतीत मात्र हे बदलता येतं असं दिसलं. केरळात नारळ उतरवणारे पाडेली मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाची योजना काढली : चढायचं यंत्र, काही दिवसांचं प्रशिक्षण, अपघात विमा. जातीनं ठरलेलं आणि म्हणून टाळलं जाणारं काम शिकलेल्या हाताचं काम झालं, त्यात स्त्रियाही आल्या. वड-पिंपळ, गुलमोहर, पर्जन्यवृक्षावर चढणाऱ्यांसाठी असं का होऊ नये?

वृक्षप्रेमी : रोजच्या कामाचं बोललात, रविवारचं काय? रविवार हा बेकायदा तोडीचा वार आहे. कार्यालयं बंद, तक्रार घ्यायला कोणी नाही, मग सोसायटीच्या आवारात दोन माणसं येतात आणि संध्याकाळपर्यंत बदाम किंवा अशोक नाहीसा होतो. त्याच माणसांची ती जास्तीची कमाई. वर आता नवी हौस आली आहे. लोक ऑनलाइन यंत्रकरवत मागवतात, व्हिडिओ बघून फांद्या उतरवतात, अख्ख्या ओंडक्याची फळी काढून जेवणाचं टेबल करतात आणि त्याला निसर्गप्रेम म्हणतात. तुमच्या कसबाच्या गोडव्यानं या हौसेला आणखी बळ मिळेल.

लेखक : रविवारचा चोरटा धंदा मी नाकारत नाही. पण तो का चालतो? आपला कायदा, १९७५ चा नागरी वृक्षसंवर्धन अधिनियम आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती धरून, सगळा भर परवानगीवर देतो. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायला सांगितली, हे चांगलंच झालं. मात्र परवानगी मिळवणारा मालक असतो, दंड भरणारा मालक असतो, आणि करवत धरणारा कागदावर कुठेच नसतो. ज्याला नाव नाही त्याला गमावण्यासारखंही काही नसतं. परवानाधारक कामगार असेल तर रविवारी चोरून झाड पाडताना त्याचा परवाना जाईल. आज त्याचं काय जातं? हौशी लोकांच्या बाबतीत जर्मनीची रीत पाहण्यासारखी आहे. तिथे सुट्टीच्या दिवशी सरकारी जंगलात जाऊन घरच्या शेगडीसाठी जळण कापण्याची जुनी आवड आहे, पण यंत्रकरवत घेऊन आत शिरायचं तर एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, अंगावर संरक्षक कपडे लागतात, आणि वनपालानं नेमून दिलेलंच लाकूड घ्यायचं असतं. हौसेवर बंदी नाही, हौसेला शिस्त आहे. आपल्याकडेही रविवारचं दुसरं रूप दिसू लागलं आहे. पुण्या-पिंपरीत तरुणांनी सुट्टीच्या दिवशी पकड घेऊन झाडांत ठोकलेले जाहिरातींचे खिळे उपटायला सुरुवात केली. झाडाला हत्यार लावणारे हेही हात आहेत, आणि त्यांना कोणी खुनी म्हणत नाही. टेबलाचं म्हणाल, तर पडलेल्या झाडाची फळी करणं यात मला पाप दिसत नाही. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. ते लाकूड भट्टीत गेलं तर तो त्याच दिवशी धूर होऊन जातो, टेबल झालं तर दोन पिढ्या घरात राहतो. सावंतवाडीचे कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून फळं आणि खेळणी घडवत आले, त्यांना त्या झाडाची किंमत बॉयलरवाल्यापेक्षा जास्त कळते. लाकडाला मोल आलं की झाडावर डोळा जातो, ही तुमची भीती बरोबर आहे, म्हणून एक बंधन पाळायचं : लाकडासाठी झाड पाडायचं नाही, पडलेल्या झाडाचं लाकूड वाया घालवायचं नाही.

वृक्षप्रेमी : परवाना, प्रशिक्षण, विमा, सगळं मान्य केलं असं समजा. तरी एक गाठ सुटत नाही. तुमचा शिकलेला माणूस झाडावर चढेल, फांदी पारखेल आणि म्हणेल की ही सुदृढ आहे, कापायची गरज नाही. त्या दिवशी ट्रक रिकामा परत जाईल. त्याला पैसे कशाचे मिळतील? मजुरी जोवर फांद्यांच्या ढिगावर मोजली जाते, तोवर प्रत्येक झाडावर त्याला काहीतरी कापण्यासारखं सापडेलच. पोट त्याला शिकवील, तुमचा शिगो नाही. माझी एकच अट आहे. त्याच्या रोजच्या नोंदवहीत ‘चढलो, पाहिलं, कापलं नाही’ अशी ओळ लिहिता आली पाहिजे, आणि त्या ओळीचीही पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे.

लेखक : ही अट मीच घालायला हवी होती. ठेक्याच्या निविदेत आज ट्रक, माणसं आणि फांद्या यांचे रकाने असतात, पाहणीचा रकाना नसतो, आणि म्हणून पाहणी होत नाही. तुमच्या अटीनं तीन गोष्टी एकदम घडतील. छाटणीचा दर झाडाच्या पाहणीवर ठरेल, लाकडाच्या वजनावर नाही. न कापण्याच्या निर्णयाखाली कामगाराची सही येईल, म्हणजे ते झाड पुढे पडलं तर त्याला जाबही विचारता येईल. जबाबदारी आली की अधिकार द्यावाच लागतो, आणि तो नाकारणाऱ्या ठेकेदाराला ती सहीच अडचणीत आणेल. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी आहे. पुढच्या वेळी रस्त्यावर दोर बांधलेलं झाड दिसलं, तर वर चढलेल्या माणसाशी भांडण्याआधी त्याची वही मागा. तीत ‘कापलं नाही’च्या ओळी किती आहेत ते मोजा. एकही नसेल, तर भांडा. मीही तुमच्यासोबत उभा राहीन.